मात्रा मोजणाऱ्यांनी कोड का लिहावा



मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान किंवा चित्रकला घेऊन पदवीधर झालेल्या मुलामुलींना कोडिंगबद्दल विचारलं, तर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: ‘ते सायन्सवाल्यांचं काम.’ क्रिएटिव्ह कम्प्युटिंग या शाखेचा इतिहास मात्र या उत्तराला दुजोरा देत नाही. या शाखेत कोड लिहितात तो चित्र, आवाज, अक्षरं आणि हालचाल घडवण्यासाठी. तिचा पाया घालणाऱ्यांत गणिती होते, तसे चित्रकारही होते.

वेरा मोल्नार यांचंच पाहा. जन्म 1924 चा, बुडापेस्टचा. चित्रकला आणि कलेचा इतिहास शिकून 1947 मध्ये त्या पॅरिसला आल्या. 1959 पासून त्यांनी एक काल्पनिक यंत्र मनात धरलं. स्वतःला नियम घालून द्यायचे आणि यंत्राच्या शिस्तीनं ते पाळत हातानं चित्र काढायचं. 1968 साली त्यांना एका संशोधन प्रयोगशाळेतला खराखुरा संगणक वापरायला मिळाला आणि त्या फोरट्रान शिकल्या. सुरुवातीला समोर पडदासुद्धा नव्हता. भोकं पाडलेली कार्डं यंत्राला द्यायची, आणि प्लॉटरच्या पेनानं कागदावर रेघा ओढल्या की मग कळायचं, काय लिहिलं होतं ते. चौकोनात चौकोन अशा नेटक्या रचना त्या करत आणि मग त्यात किंचित बिघाड घालत. ‘एक टक्का अव्यवस्था’ हे त्यांच्या एका कामाचं नावच आहे. किती विस्कटलं म्हणजे रेघ जिवंत होते आणि कुठून पुढे नुसता पसारा होतो, हे फोरट्रानच्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. ती पारख चित्रकाराच्या डोळ्याची होती.

ब्रिटिश चित्रकार हॅरॉल्ड कोहेन तर 1966 च्या व्हेनिस बिएनालेत आपल्या देशाचे प्रतिनिधी होते. चाळिशी गाठल्यावर ते प्रोग्रॅमिंग शिकले आणि ‘एरन’ हा चित्रं काढणारा प्रोग्रॅम पुढची कित्येक दशकं घडवत राहिले.

आज वाट पुष्कळ सोपी झाली आहे. 2001 मध्ये केसी रीस आणि बेन फ्राय यांनी अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये ‘प्रोसेसिंग’ ही भाषा तयार केली. कलावंतांना आणि डिझायनरांना कोड लिहिता यावा, हाच हेतू. तिच्यातल्या प्रोग्रॅमला म्हणतातही ‘स्केच’. पुढे लॉरेन मॅकार्थी यांनी त्याच विचारावर ‘पी-फाइव्ह जेएस’ उभं केलं. ते ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, साधा जुना लॅपटॉपही त्याला पुरतो. एका ओळीत वर्तुळ उमटतं. फक्त शाळेतल्या आलेखाची एक सवय मोडावी लागते. इथे शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतं, आणि ‘वाय’ची किंमत वाढली की वर्तुळ खाली सरकतं.

आता मराठीच्या पदवीधरानं या साधनाचं करायचं काय? वर्गात साधारण उड्या मारणारे चेंडू आणि फिरणारे तारे शिकवतात. ते शिकावेतच. पण माझं म्हणणं असं, की पहिल्या महिन्यातच आपला विषय त्यात आणावा.

मनाचे श्लोक घ्या. वृत्त भुजंगप्रयात. चरणात बारा अक्षरं, य गण चार वेळा, म्हणजे लघु, गुरु, गुरु. हे कोडमध्ये सांगायला चार-पाच ओळी लागतात: शून्यापासून अकरापर्यंत मोज, आकड्याला तीननं भाग, बाकी शून्य उरली तर लहान वर्तुळ काढ, नाहीतर मोठं. श्लोक 205, चरण 820. तेवढ्या रांगा काढल्या की पडद्यावर एक जाळी तयार होते.

खरी मजा पुढे आहे. आता जाळी नियमानं काढायची नाही. श्लोकांचा मजकूर द्यायचा, लघु-गुरु प्रोग्रॅमलाच ठरवायला सांगायचं, आणि वृत्ताशी मेळ बसणार नाही तिथलं वर्तुळ तांबडं करायचं. इथे संगणक पहिल्याच शब्दांना अडखळतो. ‘भक्ती’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा. संगणक मोजतो पाच: भ, क, हलन्ताची खूण, त आणि वेलांटी. म्हणजे अक्षर कशाला म्हणायचं, इथपासून त्याला शिकवावं लागतं. मग सांगायचं, की जोडाक्षराच्या आधीचं लघु अक्षर गुरु धर. ‘भक्ती’तला ‘भ’ बरोबर गुरु होतो. पण त्याच नियमानं प्रोग्रॅम ‘तुम्ही’ मधला ‘तु’सुद्धा गुरु करून बसतो. आपण म्हणताना त्या ‘तु’वर आघात देत नाही, म्हणून तो लघुच राहतो. ‘पुन्हा’चंही तेच. शिवाय चरणाच्या शेवटचं लघु अक्षर गुरु मानायची मुभा आहे, तीही वेगळी लिहावी लागते.

हे अपवाद कोण सांगणार? ज्याचं मराठी पक्कं आहे तो. उत्तम कोड लिहिणारा, पण छंदाशी ओळख नसलेला माणूस तांबडी वर्तुळं पाहून पाठ सदोष आहे असं म्हणेल. मराठीचा विद्यार्थी आधी ती ओळ म्हणून पाहील.

हल्ली कोणी म्हणतं, एआय कोड लिहून देतं, मग शिकायचं कशाला? देतं खरं, आणि मदत घ्यायला हरकतही नाही. पण आलेला कोड वाचता आला नाही, तर ‘तुम्ही’चा ‘तु’ कुठे चुकला हे सापडणार नाही, आणि सापडलं तरी दुरुस्त करता येणार नाही. तेवढ्यासाठी तरी व्हेरिएबल, अट, लूप, फंक्शन आणि ॲरे या पाच गोष्टी हातात बसायला हव्यात. गणित लागतं, पण त्यातलं बरंचसं दहावीच्या आतबाहेरचं: निर्देशक भूमिती, बाकी काढणं, थोडं साइन-कोसाइन. आणि चिकाटी लागते. एक कंस राहिला तरी स्केच चालत नाही, म्हणून एररचा निरोप न घाबरता शेवटपर्यंत वाचायची सवय लावून घ्यावी.

पुढे रीतसर शिकायचं असेल, तर मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागात पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. त्यासाठीची ‘सीड’ ही प्रवेश परीक्षा कलाशाखेच्या पदवीधरांनाही देता येते. लंडनच्या युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्समध्ये तर क्रिएटिव्ह कम्प्युटिंगची स्वतंत्र संस्थाच आहे. अशा ठिकाणी तुमचं आधीचं काम पाहिलं जातं. त्यात इतरांसारखेच चेंडू दाखवण्यापेक्षा वृत्त तपासणारं, गावच्या बखरीतली नावं नकाशावर मांडणारं किंवा पैठणीच्या काठाची नक्षी नियमांत बसवणारं स्केच दाखवा. त्यात तुमचं शिक्षण दिसेल.

तेव्हा बीए झालात म्हणून संगणकाच्या वर्गात मागच्या बाकावर बसू नका. जे शिकून आलात ते वहीसकट पुढे घेऊन या, कारण यंत्राला नेमकं तेच कुणीतरी सांगायचं राहिलेलं आहे.