शेत, कुरण आणि जरीब

1230 च्या सुमारास मंगोलांच्या दरबारात एक सूचना पुढे आली. जिंकलेल्या उत्तर चीनमधले शेतकरी काय कामाचे? त्यांना हटवावं आणि घोड्यांना कुरण करावं. येलू चुत्साई या मंत्र्यानं ओगदेई खानासमोर हिशेबच मांडला : माणसं राहू द्या, वर्षाला 5 लाख लियांग चांदी, 4 लाख पोती धान्य आणि 80 हजार ठाण रेशीम मिळेल. खानाला ते पटलं.

शेतकरी वाचला, पण सुटला नाही. 1239 मध्ये त्याच ओगदेईनं वसुलीचा मक्ता दुप्पट रकमेवर अब्दुर्रहमान नावाच्या व्यापाऱ्याला दिला. चुत्साई कळवळून विरोध करत राहिला, कुणी ऐकलं नाही.

शेतकऱ्याकडून किती आणि कसं घ्यायचं, हाच प्रश्न पुढे मुघलांबरोबर आपल्या मुलखात आला. मुघलांचा मूळपुरुष बाबर, त्याची आई ओगदेईच्या बापाच्या, चंगेजखानाच्या वंशातली. बाबराच्या नातवानं, अकबरानं, 1601 मध्ये अशीरगड घेतला आणि बुऱ्हाणपूर मुघलांचं दख्खनमधलं मोठं ठाणं झालं. इथं पूर्वी नांगरामागे ठराविक सारा असे. खकनारसारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावाचा विचार करा : खाली काळी कसदार जमीन, वर मुरमाड उतार. दोन्हीकडे नांगर एकच, पिकात केवढा फरक!

औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना खुरासानी दिवाण मुर्शिद कुलीखानानं हे बदललं. जमीन मोजवली. जिथं पाटील उरला नव्हता, तिथं नवा नेमला. बैल-बियाण्याला तगाई दिली. बटाईत, म्हणजे पीक वाटून घेण्याच्या पद्धतीत, पावसावरच्या पिकाचा निम्मा हिस्सा सरकारचा, पण विहिरीच्या पाण्यावरच्या धान्याचा तिसराच. पहाटेपासून मोट ओढणाऱ्याचा घाम इथं हिशेबात धरला गेला, हे फार मोलाचं आहे. निम्मा हिस्सा जडच होता, तरी पीक बुडालं की सरकारचा वाटाही बुडे. नांगरपट्टीला ते कुठलं ठाऊक?

मोजणीत लबाडी होऊ नये म्हणून हा दिवाण कधी कधी जरिबेचं, म्हणजे मोजणीच्या दोरीचं, एक टोक स्वतः धरी. सरकारचा माणूस बांधावर उभा आहे, दुसरं टोक कुणब्यासमोर ताणलेलं आहे.

अशी मोजणी आणखी वीस वर्षं चालती तर? पण 1658 च्या मार्चमध्ये औरंगजेब गादीसाठी बुऱ्हाणपुरातून उत्तरेकडे निघाला. मुर्शिद कुलीखान सोबत होता. एप्रिलमध्ये उज्जैनजवळ धरमतच्या लढाईत तो पडला.