मेणबत्तीची वात

दिवाळी तोंडावर आली की हौशी घरांतून मेणबत्त्यांचे साचे बाहेर निघतात. मेण, रंग, सुगंध यांची खरेदी मन लावून होते आणि वातीची वेळ आली की आपण देवघरातल्या कापसाला हात घालतो. मीही घातला होता. सासूबाईंनी वळून ठेवलेल्या लांब वाती साच्यात सोडल्या. मेणबत्त्या सुरेख झाल्या. पेटवल्या तर दहा मिनिटांत वातीनं मान टाकली आणि मेणात बुडून विझली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ती समईची वात. तिला टेकायला काठ लागतो."

खरंच आहे. समईतली वात टेकून जळते. काजळी धरली की आपण झाडतो, वात पुढे सारतो. मेणबत्तीच्या वातीला मात्र उभ्यानं मेण वर ओढायचं असतं आणि स्वतःचं टोकही जाळून टाकायचं असतं. पूर्वी युरोपात हे जळकं टोक कापायला खास कात्री असे. १८२५ साली फ्रान्समध्ये कांबासेरेस यांनी वेणी घातलेली वात आणली. ही वात जळताना टोकाशी वाकते आणि ज्योतीच्या कडेला येते. ज्योतीच्या पोटात हवा पुरत नाही, कडेला पुरते. तिथे टोकाची राख होते. कात्रीचं काम संपलं.

म्हणून वात वळू नका, वेणी घाला. सुती दोऱ्याचे तीन पेड, घट्ट. दोरा सुती आहे का, हे दुकानात विचारून भागत नाही. मी फसले आहे. तुकडा जाळून पाहा. सुताला कागद जळल्याचा वास येतो, राख बोटानं चुरते. टोकाशी कडक मणी धरला, तर तो दोरा शिवणाच्या डब्यात जाऊ द्या. वात ताठ राहावी म्हणून घरातली कुठलीही तार आत घालू नका. शिशाची तार असलेल्या वातींवर अमेरिकेत २००३ साली बंदी आली, कारण जळताना शिसं हवेत मिसळतं.

पेलाभर कोमट पाण्यात एक मोठा चमचा मीठ आणि दोन चमचे टाकणखार विरघळवून वेणी रात्रभर भिजवा, मग कडकडीत वाळवा. टाकणखार मुलांच्या हाती लागू देऊ नका. वाळलेली वात वितळलेल्या मेणात बुडवा, बुडबुडे थांबले की काढून सरळ ताणून ठेवा.

राहता राहिली जाडी. तिथे मात्र एक मेणबत्ती वाया घालवायची तयारी हवी. वात बारीक असेल तर मधोमध विहीर खणत जाते, जाड असेल तर ज्योत उसळते आणि भिंत काळी होते. मधमाशांच्या मेणाला पॅराफिनपेक्षा जाड वात लागते. पेटवण्याआधी टोक पाव इंच ठेवा.

फसलेली मेणबत्ती फेकू नका. मेण वितळवून पुन्हा ओता. वात तेवढी नवी घाला.