‘माझी मैना’ आणि तिचे पूर्वज

लालबाग-परळच्या गिरणगांवांत ‘माझी मैना’ ही छक्कड ज्याच्या कानीं पडली नाहीं, असा जुना माणूस विरळा. अण्णा भाऊ साठे यांनीं ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत रचली. परंतु ती एकाएकीं उपजलेली नव्हे.

पति मोहिमेवर गेलेला आणि स्त्री घरीं झुरते आहे, हा विरह पेशवाईंतील लावणीकारांनीं पुष्कळ रंगविला. अण्णा भाऊंनीं बाजू पालटली. येथें झुरतो तो पुरुष, आणि त्याला मुंबईस ओढून आणलें तें पोटानें. (स्वतः अण्णा भाऊ बालपणीं वाटेगांवाहून पायीं आले होते!) १९४४ सालच्या लाल बावटा कलापथकांत अमर शेख व गवाणकर यांच्यासह त्यांनीं तमाशाचा सांचा आधींच वळवून घेतला होता, गणांतील गणेशाच्या जागीं मायभूमि आली, डफ-ढोलकी मात्र तींच राहिलीं.

खरी करामत उत्तरार्धांत आहे. दुरावलेल्या पत्नीच्या जागीं हळूच बेळगांव, कारवार, डांग, उंबरगांव येऊन उभीं राहतात. प्रेमगीतांत राजकारण घुसडलें, असा आक्षेप कोणी घेईल. मला तो पटत नाहीं. ज्याचें घरच दूर राहिलें, त्याला प्रांताची ताटातूट निराळी समजावून द्यावी लागत नाहीं.

१ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें. बेळगांव-कारवार बाहेरच राहिलीं.