पिंजऱ्यातला कुंग फू

(उपनगरातील एका वसंत व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

२५ नोव्हेंबर २०१७ रोजी शांघायमध्ये मुंबईचा एक कुस्तीगीर आणि एक चिनी पोरगा समोरासमोर आले. यूएफसी ही मिश्र मार्शल आर्ट्सची, म्हणजे एमएमएची, जगातली सर्वांत मोठी संघटना. चीनच्या मुख्य भूमीवरचा तिचा तो पहिलाच कार्यक्रम. भरत खंडारे हा भारतातून थेट यूएफसीत गेलेला पहिला लढवय्या आणि त्याचा पिंड कुस्तीचा. समोर सोंग यादोंग. त्याला विशीही लागली नव्हती, पण वूशूच्या, म्हणजे चिनी युद्धकलेच्या, शाळेत तो लहानपणीच दाखल झालेला होता. एका बाजूला तालीम, दुसऱ्या बाजूला कुंग फूचा देश. निकाल पहिल्याच फेरीत लागला आणि भरत हरला.

ज्या डावाने तो हरला तो मात्र कुंग फूतला नव्हता. डावाचं नाव गिलोटिन चोक. समोरच्याची मान बगलेत घ्यायची, हाताची कडी घालायची आणि वर ओढत आवळायची. रक्तपुरवठा थांबतो, श्वास कोंडतो. हार मानली नाही तर शुद्ध जाते. हा डाव लोकप्रिय केला तो ब्राझीलच्या जिउ-जित्सूवाल्यांनी. कुस्तीगिराला तो विशेष नडतो. दुहेरी पट काढताना डोकं खाली जातं, मान पुढे येते. आपल्या कुस्तीत गळा आवळायला बंदीच असल्यामुळे ती मान राखायची सवय आखाड्यात कुणाला लागलेलीच नसते. पाठ टेकली की कुस्ती संपली, हेही आपण रक्तातून शिकलेलो असतो. एमएमएच्या जाळीच्या पिंजऱ्यात पाठ टेकल्यावर निम्मी लढत सुरू व्हायची असते.

म्हणजे कुंग फूच्या देशातला मुलगा जिंकला, पण जिंकला ब्राझीलच्या डावावर. पारंपरिक चिनी युद्धकला आजच्या मिश्र लढतीत चालतात का, या प्रश्नाचं बरंचसं उत्तर या एका निकालात आहे. बाकीचं उत्तर जरा गुंतागुंतीचं आहे.

हा पिंजरा आपल्याकडे आला तो अंधेरीतून. ११ मार्च २०१२ रोजी अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात सुपर फाइट लीग या एमएमए स्पर्धेचा पहिला कार्यक्रम झाला. संजय दत्त आणि राज कुंद्रा ही नावं त्यामागे होती. मुख्य लढत बॉब सॅप आणि जेम्स थॉम्पसन या दोन अवाढव्य गड्यांची. दोन मिनिटांच्या आतच सॅपचा पाय दुखावला आणि त्याने हार मानली. तिकीट काढून गेलेल्यांची निराशा झाली असणार. पण व्यायामशाळेत घाम गाळणाऱ्या इथल्या पोरांना त्या रात्रीने एक गोष्ट दाखवली: बॉक्सर, कुस्तीवाला, कराटेवाला असं कुणीही या, नियम सगळ्यांना एकच.

त्याआधी उपनगरांत चीनची विद्या पोहोचली होती ती पडद्यावरून. ब्रूस ली १९७३ च्या जुलैत गेला, पण त्याची पोस्टरं पुढची कित्येक वर्षं न्हाव्यांच्या दुकानांतून हलली नाहीत. पोरं नानचाकू फिरवायला शिकली आणि कोपरं फोडून घेतली. प्रत्यक्षात शाळेच्या पटांगणात आणि सोसायटीच्या गच्चीवर जे वर्ग निघाले ते बहुतेक कराटेचे, म्हणजे जपानी वळणाचे. चिनी विद्या सिनेमातच राहिली. त्यामुळे तिची परीक्षा आपल्याकडे कधी झालीच नाही; झाली ती तिच्या घरी.

ती परीक्षा चीनमध्ये एप्रिल २०१७ मध्ये, छंगदू शहरात झाली. शू श्याओदोंग हा एमएमएचा प्रशिक्षक, आणि वेई लेई हा ताई ची या पारंपरिक चिनी विद्येचा स्वयंघोषित गुरू. या गुरूंनी चिनी सरकारी दूरचित्रवाणीवर आधी कमाल करून दाखवली होती. तळहातावरचं कबूतर त्यांच्या अदृश्य शक्तीमुळे उडू शकत नाही म्हणे, आणि कलिंगडाची साल शाबूत ठेवून आतला गर फोडता येतो म्हणे. शूने त्यांना साधारण वीस सेकंदांत खाली पाडून ठोकलं. चित्रफीत देशभर फिरली. पुढे शूने आणखी गुरूंना गाठलं. बदनामीच्या खटल्यात न्यायालयाने त्याला माफी मागायला सांगितलं, त्याच्या प्रवासाच्या तिकिटांवर बंधनं आली, आणि एका लढतीत तर तो तोंड रंगवून उतरला. हा माणूस परका नव्हता, हे मात्र फार कमी लोक सांगतात. शू स्वतः बीजिंगच्या श्शचाहाय क्रीडाशाळेत सांदा शिकलेला. सांदा म्हणजे चिनी विद्येचीच लढाऊ शाखा. कलिंगडवाल्याला पाडलं ते घरच्याच माणसाने.

ताई चीच्या बाजूने बोलणारे नेहमी एक मुद्दा मांडतात. आमचे डाव प्राणघातक आहेत, डोळे, गळा, जांघ यांवरचे. पिंजऱ्यात त्यांना बंदी आहे, मग आम्ही दाखवायचं काय? मुद्दा ऐकायला ठीक आहे. पण डोळ्यात बोट घालण्याचा सराव जिवंत माणसावर करता येत नाही. ज्याचा सराव नाही तो डाव वेळेला हाताशी येईल, हे कशाच्या भरवशावर मानायचं? डोळ्यापर्यंत हात पोहोचवायला आधी अंतर साधावं लागतं, आणि अंतर शिकवायला समोर खराखुरा मारणारा माणूस लागतो.

इतिहासही या मुद्द्याच्या बाजूने नाही. १९२८ मध्ये नानजिंगला चिनी सरकारने राष्ट्रीय स्पर्धा भरवली. संरक्षक साहित्य जवळजवळ नव्हतंच, आणि जखमी इतके झाले की शेवटच्या लढती गुंडाळाव्या लागल्या. १९५४ च्या जानेवारीत मकाऊमध्ये ताई चीचे वू गोंगयी आणि श्वेत क्रौंच शैलीचे छान हाक-फू यांची मदतनिधीसाठी लढत झाली. तिची चित्रफीत आजही बघायला मिळते. दोन नामांकित गुरू अंतर चुकवत हात फिरवतात, एकाच्या नाकातून रक्त येतं, पंच लढत थांबवतात, निकाल कुणाच्याच बाजूने लागत नाही. आपल्या गल्लीतली भांडणं पाहिलेल्या माणसाला ते दृश्य ओळखीचं वाटेल. त्याच लढतीने हाँगकाँगमध्ये युद्धकलेच्या कादंबऱ्यांची लाट आणली, ही गंमत वेगळी.

आता दुसरी बाजू. चीनने वूशूचे दोन भाग केले. एक ताओलू: ठरावीक हालचालींची, तलवार-भाल्यांची कवायत, तिला गुण जिम्नॅस्टिक्ससारखे मिळतात. दुसरा सांदा: हातमोजे घालून, ८ मीटर चौरस ओट्यावर, २ मिनिटांच्या फेऱ्यांत खरी मारामारी. ठोसा, लाथ, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे समोरच्याची लाथ पकडून त्याला आपटणं. १९७९ पासून याचे प्रयोग झाले. आपटण्याचे डाव चीनच्या जुन्या कुस्तीतले आहेत. ढाक आणि टांग ज्याने पाहिली आहे त्याला ते समजायला वेळ लागणार नाही.

हा भाग पिंजऱ्यात चालला, आणि चांगला चालला. व्हिएतनाममध्ये जन्मलेला अमेरिकन कुंग ली हा सांदाचाच. मार्च २००८ मध्ये सॅन होजेत त्याने फ्रँक शॅमरॉकला लाथा अशा घातल्या की त्या अडवताना शॅमरॉकचा हात मोडला. स्ट्राइकफोर्स या एमएमए संघटनेचं मिडलवेट विजेतेपद ली घेऊन गेला. झांग वेईलीने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी शेनझेनमध्ये ब्राझीलच्या जेसिका आंद्रादेला ४२ सेकंदांत संपवलं आणि ती चीनची पहिली यूएफसी विजेती झाली. सोंग यादोंगचं सांगायचं तर फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याने ऑलिंपिक सुवर्णपदक विजेत्या कुस्तीगीर हेन्री सेहुदोला गुणांवर हरवलं. ती लढत मध्येच थांबवावी लागली, कारण सोंगचं बोट चुकून सेहुदोच्या डोळ्यात गेलं होतं! प्राणघातक डावांचे पुरस्कर्ते हे उदाहरण अजून वापरत नाहीत, याचं आश्चर्य वाटतं.

भारताचं उदाहरण आहे पूजा तोमर. उत्तर प्रदेशातली, वूशूची अनेकदा राष्ट्रीय विजेती, आणि मुंबईच्या श्रॉफ कुटुंबाने उभ्या केलेल्या मॅट्रिक्स फाइट नाइट या एमएमए स्पर्धेची स्ट्रॉवेट विजेती. ८ जून २०२४ रोजी ती यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय ठरली. रायान दोस सांतोसविरुद्धच्या त्या लढतीत एका पंचाने पूजाला ३०-२७ दिले, दुसऱ्याने नेमके तेवढेच प्रतिस्पर्धीला, आणि तिसऱ्याने २९-२८ ने पूजाला जिंकवलं. तिने फेकलेल्या लाथा सरळ वूशूच्या शाळेतल्या होत्या. पुढल्या वर्षी मार्चमध्ये लंडनला शॉना बॅनन हिने तिला दुसऱ्या फेरीत जमिनीवर आणून आर्मबारमध्ये अडकवलं. कोपर उलट्या दिशेने ताणलं की हार मानण्याशिवाय इलाज नसतो. भरतची मान गेली, पूजाचा हात गेला, दोन्ही वेळा कारण तेच. सांदामध्ये आपटल्यावर पंच दोघांना उभं करतात. यूएफसीत कुणी लगेच उभं करत नाही.

म्हणून चिनी विद्या चालते का, या प्रश्नाला उत्तर असं द्यावं लागतं: उभ्याने चालते, तीही रोज अंगावर घेतलेली असेल तर. जमिनीवरचं दुसरीकडून शिकावं लागतं. सोंग त्यासाठी थेट अमेरिकेत सॅक्रामेंटोला जाऊन राहिला. कराटेचीही गोष्ट वेगळी नाही. लायोटो माचिदा २००९ मध्ये यूएफसीचा लाइट हेवीवेट विजेता झाला तेव्हा गच्चीवरच्या सगळ्या सेन्सेईंची मान ताठ झाली. पण माचिदाला कुस्ती आणि जिउ-जित्सूही येत होतं, हे त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं की नाही कोण जाणे.

कवायत वाईट असं नाही. सकाळी बागेत ताई ची करणाऱ्या आजोबांचे गुडघे चांगले राहत असतील तर त्यांना पिंजऱ्याची उदाहरणं द्यायची गरज नाही. पण बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत ज्या पाट्यांवर आता ‘कुंग फू’च्या खाली ‘एमएमए’ हे शब्द जोडले जातात, त्या वर्गात मुलाला घालायचं असेल तर फी भरण्याआधी एक पूर्ण तास कडेला बसून बघा. मुलं एकमेकांशी खरी लढतात का, आठवड्यातून किती वेळा, जमिनीवर पडल्यावर पुढे काय करायचं हे शिकवलं जातं का, आणि डोक्याला मार लागला तर सर लढत थांबवतात का. पट्ट्याचा रंग नंतर विचारा.