कॅमेरा आपला, मुकादम कुणाचा?
(गंगाखेडच्या तरुणांपुढे केलेलं भाषण)

मी गोदीतला हमाल, कविता करणारा. कॅमेऱ्यातलं मला काय कळतं? पण मुकादम कळतो. पूर्वी फाटकावर त्याची मर्जी असेल तर हजेरी, नाहीतर घर. 1948 चा गोदी कामगार कायदा, मग 1969 चा माथाडी कायदा आला, तेव्हा कुठं आमची नावं नोंदवहीत चढली.

तुम्ही जिंतूर, सेलू, पाथरीत लग्नाचे फोटो काढता. गिऱ्हाईक आता मोबाईलवर फोटोग्राफर शोधतं. तिथं नाव घालाच. पण फायवर शंभरातले वीस कापतं. अपवर्कवर नुसती बोली लावायला कनेक्ट्स जातात. संपले की विकत घ्या. मुकादमच की हा! फक्त दिसत नाही.

आणि आडनाव? लग्नघरवाला फोटोआधी तेच वाचतो. काहीजण नुसतं स्टुडिओचं नाव लावतात. त्यांना मी नावं ठेवणार नाही, पोट आहे.

सामाजिक सुरक्षा संहिता 2020 ची, लागू झाली 21 नोव्हेंबर 2025 ला. तीत ‘प्लॅटफॉर्म कामगार’ हा शब्द आहे. ई-श्रमवर नोंद करा. तालुक्यातले कॅमेरावाले एकत्र बसून दर ठरवा, त्याखाली कुणी जायचं नाही. आणि आगाऊ रक्कम हातात पडल्याबिगर कॅमेरा पिशवीतनं काढू नका.