जसे काम, तशी पेटी

सुरत शहराच्या आग्नेय भागातील गोडादरा ही कष्टकऱ्यांची वस्ती. खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली असंख्य मराठी कुटुंबे गोडादरा, लिंबायत, डिंडोली या परिसरात स्थिरावली आहेत. यंत्रमाग, साड्यांची छपाई आणि कापडबाजार यांवर त्यांपैकी अनेकांचा चरितार्थ चालतो. कापडाच्या मागण्या आता केवळ वहीत उतरत नाहीत, संगणकातही उतरतात. अशा एखाद्या पेढीचा सर्व्हर सांभाळणाऱ्या तरुणापुढे मग प्रश्न उभा राहतो, की कोणता प्रोग्रॅम कोणत्या कंटेनरमध्ये ठेवावा?

कंटेनर म्हणजे काय, हे समजण्यास कापडबाजाराची इमारत पुरेशी आहे. तेथे प्रत्येक दुकानाला स्वतःचे कुलूप असते. परंतु पाया, जिना आणि विजेची जोडणी ही सर्वांची मिळून एकच. सर्व्हरवरील कंटेनरांचेही तसेच आहे. लिनक्स प्रणालीचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो सर्वांना सामाईक असतो. मात्र प्रत्येकाला आपल्यापुरतेच जग दिसते आणि त्याने मेमरी व प्रोसेसर किती वापरावा, यालाही मर्यादा घालता येते. व्हर्च्युअल मशीन ही त्या मानाने स्वतंत्र इमारत होय. तिचा गाभा वेगळा, म्हणून आडोसा भक्कम. पण खर्चही अधिक.

कंटेनरांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिला, २०१३ साली आलेल्या डॉकरने लोकप्रिय केलेला. त्यात एका पेटीत एकच काम असते. पेटीत दुरुस्ती करावयाची नाही. जुनी टाकून नवी ठेवावयाची. दिवाळीच्या हंगामात मागण्या वाढल्या, तर त्याच नमुन्याच्या चार पेट्या उभ्या करता येतात आणि हंगाम सरताच काढून टाकता येतात. दुसरा प्रकार २००८ सालच्या एलएक्ससीचा. त्यात संपूर्ण प्रणालीच नांदते. अनेक सेवा एकमेकींवर विसंबून असलेला हिशेबाचा जुना प्रोग्रॅम तोडफोड न करता येथे राहू शकतो. तिसऱ्या प्रकारात प्रत्येक पेटीला स्वतःचा छोटा कर्नल मिळतो. २०१७ सालचा काटा कंटेनर्स हा प्रकल्प याच जातीचा. परक्याने लिहिलेला, ज्याचा भरवसा नाही असा प्रोग्रॅम चालवावयाचा असेल, तेव्हा हाच मार्ग श्रेयस्कर.

ही सावधगिरी अनाठायी नव्हे. २०२५ च्या फेब्रुवारीत सुरतेच्या शिवशक्ती टेक्स्टाइल मार्केटला आग लागली आणि शेकडो दुकाने भस्मसात झाली. एका छपराखालच्या दुकानांना कुलपे निराळी असली, तरी आग निराळी नसते. २०१९ च्या फेब्रुवारीत कंटेनर चालविणाऱ्या रनसी या साधनातील एक दोष उघडकीस आला होता. त्याचा फायदा घेऊन एखादा दुष्ट कंटेनर यजमान यंत्राचाच सर्वाधिकार बळकावू शकत असे. दोष दुरुस्त झाला. धडा मात्र कायम राहिला.

याहून घातक चूक निराळीच असते. टाकून देण्याजोग्या पेटीतच उधारीची खातेवही ठेवली, तर पेटीबरोबर वहीही जाते. म्हणून माहिती पेटीबाहेरच्या कायम साठ्यात असावी आणि तिची प्रत दुसऱ्या जागी असावी. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या महापुराने सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली नेला. एकाच तळघरात ठेवलेल्या दोन प्रती अशा वेळी एकीइतक्याच निरुपयोगी ठरतात.

तात्पर्य, निवड करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. काम एक आहे की अनेक गुंतलेली? प्रोग्रॅम घरचा आहे की परका? आणि पेटी नाहीशी झाली, तर मागे काय उरले पाहिजे? मागावर राबणाऱ्याची मजुरी ज्या नोंदीवरून ठरते, ती नोंद हरवता कामा नये. पेटीची खरी परीक्षा तेथेच होते.