पट्टा पडल्यावर कान दाखवा

साखर कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की बीड जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबं गावाकडे परततात. आम्हा कान-नाक-घसा डॉक्टरांसाठी हे दिवस फार मोलाचे. मागे एक पारधी बाई सात वर्षांच्या लेकीला घेऊन आली. "कान फुटलाय." कधीपासून? "अंगावर पीत होती तवापासून."

सर्दी झाली की नाकामागच्या नळीतून जंतू मधल्या कानात शिरतात. तिथं पू साठतो, ठणका लागतो. मग पडद्याला भोक पडून पू बाहेर येतो आणि ठणका थांबतो. घरच्यांना वाटतं, बरं झालं. खरं नुकसान तिथून पुढे असतं, कारण ऐकू कमी येऊ लागतं. त्या लेकीच्या घरात पारधी बोली, गुजरातीच्या जवळची. मराठी तिला शाळेत, कानानंच शिकायची होती. गुरुजी तिला मुकी समजत होते. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी मुलांचंही हेच दुखणं आहे. शंभरात चाराहून अधिक मुलांचे कान वाहत असतील, तर तातडीनं हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ऑस्ट्रेलियातल्या कित्येक आदिवासी वस्त्यांत प्रमाण याच्या कितीतरी वर आहे.

पडदा शिवता येतो. कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून भोकावर बसवतात. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घशाचा विभाग आहे. मात्र ऑपरेशनआधी कान काही आठवडे कोरडा राहिलेला बरा, आणि नंतर तपासणीला यावं लागतं. दिवाळीपासून कुटुंब उसाच्या फडाजवळच्या कोपीवर, मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली. मुकादम सुट्टी कुठून देणार? पावसाळ्यात घरी असतात, तेव्हा कान पुन्हा वाहू लागतो. उरतात चैत्र आणि वैशाख. म्हणून माझा आग्रह आहे की वस्त्यांवरची तपासणी शिबिरं याच दोन महिन्यांत घ्यावीत आणि ऑपरेशनच्या तारखा उसाचं वेळापत्रक बघून द्याव्यात. रुग्ण तारखेला आला नाही, म्हणून त्याला बेफिकीर ठरवणं मला पटत नाही.

तोवर कानात लसणाचं तेल घालू नका, काडी घालू नका. अंघोळीला कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन चोळून कानात बसवा. पू थोडाच, पण घाण वासाचा असेल तर थांबू नका. असा पू हाड कुरतडणाऱ्या रोगाचा असू शकतो. चक्कर आली, तोंड वाकडं झालं किंवा तापासोबत डोकं फार दुखू लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

त्या लेकीचं ऑपरेशन वैशाखात झालं. टाके काढायला तिची आजी घेऊन आली होती.